खालीलपैकी काय भाजत नाहीत?

मी प्रश्न क्रमांक सतरा. चौथीच्या मराठीच्या चाचणीतला, एका गुणाचा. बसा जरा, माझं ऐका. आजवर मीच विचारत आलो आणि समोरच्यांनी डोकी खाजवली, त्यामुळे सांगायची मला फारशी सवय नाही.

आधी माझा चेहरा बघा. 'खालीलपैकी काय भाजत नाहीत? (अ) शेंगदाणे (ब) पापड (क) वांगे (ड) जमीन.' सुटसुटीत आहे की नाही? माझं बरोबर उत्तर 'ड', असं मी बरेच दिवस छातीठोकपणे सांगत होतो.

माझं घराणं साधंसुधं नव्हतं बरं का. राज्यातल्या लाखो मुलांची एकाच दिवशी चाचणी घ्यायची, तर ती जरा नीट घ्यावी, म्हणून सरकारनं खास अनुदान दिलं होतं. जुने प्रश्न घोकंपट्टीचे, नवे प्रश्न जीवनाशी जोडलेले हवेत, असं त्या अनुदानाच्या कागदांत पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं. त्यासाठी पुण्यात एका थंडगार सभागृहात तीन दिवसांची कार्यशाळा भरली. प्रत्येकाला पिशवी, वही आणि न उठणारं पेन मिळालं.

तिथं समर्थ सर नावाचे एक तरुण तज्ज्ञ होते. माणूस कष्टाळू, पण तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्या हातून एकही प्रश्न उतरला नव्हता. चहाच्या सुट्टीत ताटलीत थालीपीठ आलं. "भाजणी घरची दिसतेय," असं म्हणत त्यांनी तुकडा मोडला आणि त्याच क्षणी त्यांना मी सुचलो. म्हणजे माझा जीवनाशी जो काही संबंध होता, तो एवढाच.

कुणीतरी विचारलं, "जमीन कशाला घातलीत यात?"

"अहो, एक पर्याय अगदीच अशक्य लागतो," समर्थ सर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग शहरातल्या दोन शाळांत मला चालवून पाहिलं. शंभरातल्या त्र्याण्णव मुलांनी 'ड' लिहिलं. झालं, मी असा फुगलो की बाजूचा सोळावा प्रश्न, बिचारा वचन बदलण्याचा, मला अगदीच गावंढळ वाटायला लागला.

जानेवारीत मी वेल्ह्याच्या डोंगरात पासलीला पोहोचलो. दोन खोल्यांची शाळा, चौथीत सात मुलं आणि सुलक्षणाबाई. पहिल्या बाकावर धनश्री. गावातल्या हैबती या शेतकऱ्याची लेक. शाळेत कुणीही काही विचारलं, की प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर. सोळा प्रश्न तिनं एका दमात सोडवले आणि माझ्यापाशी येऊन थांबली. थांबली ती थांबलीच. इतका वेळ माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, काय हा माझा रुबाब!

शेवटी ती उठून बाईंजवळ गेली. "बाई, ह्यातलं समदंच भाजत्यात."

बाईंनी मला वाचलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. पण चाचणीत काही सांगायचं नाही, असा नियम. "तुला येतं ते लिही गं बाळा."

धनश्रीनं उत्तरपत्रिकेवर माझ्यापुढचं एकही वर्तुळ काळं केलं नाही. प्रश्नपुस्तिकेत मात्र माझ्या शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'समदंच भाजत्यात.' बाकीच्या सहा जणांनी पापडाचं वर्तुळ काळं केलं, कारण त्यांच्या घरी पापड तळतात. उत्तरपत्रिका यंत्राकडे गेल्या. पुस्तिका राहिल्या शाळेच्या कपाटात, आणि यंत्राला वर्तुळांपलीकडे काही वाचता येत नाही.

मार्चमध्ये निकाल आला. पासली, प्रश्न सतरा, शून्य टक्के. खाली शेरा, 'भाजणे या क्रियापदाचा अर्थ विद्यार्थ्यांना समजलेला नाही.' त्याखाली उपाय, 'प्रत्येकाने योग्य विधान दहा वेळा लिहावे.' बाईंनी पत्र पाठवलं. उत्तर आलं, की उत्तरसूची अंतिम आहे.

धनश्रीनं वहीत दहा वेळा लिहिलं, 'जमीन भाजत नाहीत.' अक्षर मोत्यासारखं. असा मी तिच्या वहीत शिरलो आणि दप्तरातून तिच्या घरी पोहोचलो. पाहुणा म्हणून गेलो आणि घरात कालवाकालव करून बसलो.

हैबती त्या दिवसांत राबाची तयारी करत होते. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं, वर माती भुरभुरायची आणि वारा पडलेला बघून पेटवून द्यायचं. तण जळतं, राखेत रोप जोमानं येतं. ह्या डोंगरात त्याला राब भाजणं म्हणतात.

"दादा, आपण चुकीचं करतो का?" धनश्रीनं वडिलांना विचारलं.

"काय गं?"

"जमीन भाजत न्हाईत. पेपरात लिवलंय."

हैबती हसले. "पेपरवाल्यास्नी भात लावायचा न्हाई, आपल्याला लावायचाय."

पण पोरगी हसली नाही. तिला वाटलं, एवढ्या लांबून छापून आलेलं खोटं कसं असेल? मग खोटं काय, तर तिनं दर उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिलेलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं वर्गात हात वर करणं सोडलं. बाईंनी विचारलं, "अगं, येतंय ना तुला?" ती म्हणाली, "म्हाईत न्हाई." मला लाज वाटली. खरंच वाटली. एका गुणाचा प्रश्न मी, आणि त्या पोरीचा सगळा भरवसा घेऊन बसलो होतो.

मला सुधारण्याची बुद्धी मात्र कुणाला झाली नाही. झालं असं, की अनुदानात 'क्षेत्रभेट' नावाचा एक भाग होता आणि मार्च संपायच्या आत तो उरकायचा राहिला होता. म्हणून घाईघाईनं समर्थ सरांना गाडीत बसवून शून्य टक्क्यांच्या गावी पाठवलं.

सकाळी गाडी पासलीच्या वळणावर आली आणि सरांनी धूर पाहिला. "अहो, आग! शेताला आग लागलीय!" ते ओरडत उतरले आणि पाण्याची बाटली घेऊन धावले. अर्धी बाटली ओतलीसुद्धा.

"ओ सायेब! इझवू नगा!" हैबती हातातला ओला टहाळा टाकून पळत आले. "लई मेहनतीनं पेटावलंय!"

"पण काय करताय काय तुम्ही?"

"भाजतोय न्हवं."

"काय भाजताय?"

हैबतींना वाटलं, साहेबाला उन्हाचा त्रास झाला असावा. "काय म्हंजे? जमीन!"

सरांच्या पिशवीतल्या अहवालात मी घडी घालून बसलो होतो. तिथंच माझ्यातली सगळी हवा गेली.

तिथून सर शाळेत आले. वर्गात त्यांनी विचारलं, "मुलांनो, खालीलपैकी काय भाजत नाहीत, सांगा बघू?" एकही हात वर झाला नाही. धनश्री बाकाकडे बघत राहिली. सुलक्षणाबाईंनी कपाट उघडलं, धनश्रीची पुस्तिका काढली आणि माझं पान सरांपुढं धरलं. सरांनी ते दोन शब्द वाचले. पुन्हा वाचले.

"बरोबर आहे हिचं," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

मग हळूहळू, कोपरापर्यंत, मग पुरता, धनश्रीचा हात वर गेला.

"सर, तुमी चुकला?"

"हो."

"मग धा येळा लिवा."

"धनश्री!" बाई दचकल्या. पण सरांनी खडू उचलला होता. 'जमीन भाजतात.' सात मुलं मोठमोठ्यानं मोजत होती. नऊ झाल्यावर सरांनी हात झटकले, तेव्हा धनश्री म्हणाली, "अजून एक ऱ्हायलं."

एप्रिलमध्ये मला रद्द केलं. सगळ्या मुलांना माझा गुण मिळाला. पुस्तिका गोपनीय, त्या नष्ट करा, असा आदेश आला. बाईंनी गठ्ठा हैबतींच्या हवाली केला आणि त्यांनी तो राबाच्या दुसऱ्या तुकड्यात पालापाचोळ्याखाली सारला. पेटता पेटता माझ्या लक्षात आलं, की पाचवा पर्याय राहूनच गेला होता. प्रश्नसुद्धा भाजतात.

आता मी राख आहे. जूनमध्ये माझ्यावर भाताचं बी पडेल आणि जन्मात पहिल्यांदा माझा जीवनाशी खरोखर संबंध येईल. अनुदान पुन्हा येईल, नवे प्रश्नही जन्मतील. बाबांनो, छापायला जाण्याआधी एकदा पासलीला येऊन जा. पहिल्या बाकावर विचारा. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर असेल.