आठव्या कप्प्यातली शांतता

मित्रांनो, पायाखाली गेल्याशिवाय ज्याचा काही उपयोग नाही, असा मी एक जुना पेडल आहे.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुळात बारीक आणि कोरडा असतो. गिटार आणि स्पीकर यांच्या मधे मला जोडलं, की मी त्या आवाजाला जाडी देतो, थोडी खरखर देतो, भरून आलेल्या गळ्यासारखी. या कामाला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. माझ्यासारखे पेडल पुष्कळ असतात. माझं वेगळेपण माझ्या पाठीला होतं. तिथे मिडीच्या वायरीसाठी एक गोल भोक आहे. त्या वायरीतून सूर येत नाही, फक्त हुकूम येतो. कीबोर्डने 'तीन' म्हटलं की मी तिसऱ्या कप्प्यात साठवलेला आवाज द्यायचा, 'पाच' म्हटलं की पाचव्यातला. वादकाला वाकून नॉब फिरवावे लागत नाहीत. हुकूम कोणी पाठवला आणि कशासाठी, हे विचारायची सोय मात्र मला बनवणाऱ्यांनी ठेवली नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या नाताळात आलोशियस नावाच्या माणसाने मला बहारीनहून भुईगावला आणलं. त्याचा धाकटा भाऊ ॲन्सेल्म सकाळी केळीच्या वाडीत राबायचा आणि संध्याकाळी लग्नांत गिटार वाजवायचा. घरात ही माणसं आपल्या बोलीत बोलत. तुम्हाला कळावं म्हणून मी ते साध्या मराठीत सांगतो आहे.

ॲन्सेल्मने मला आणल्या आणल्या डोक्यावर घेतलं नाही. आठ दिवस त्याने माझी परीक्षा घेतली. हळू वाजवून पाहिलं, जोरात वाजवून पाहिलं, एकेक नॉब केसभर फिरवून पाहिला. जे पटलं ते एका वहीत लिहिलं. 'एक, वाल्ट्झच्या नाचासाठी, मऊ. दोन, जरा खरखरीत. चार, मोठ्या सुरासाठी.' असे त्याने माझे सात कप्पे भरले. शेवटी खाली लिहिलं, 'पेडल चांगला. सांगितलेलं विसरत नाही.' मित्रांनो, माझ्याबद्दल खरेपणाने लिहिलेलं तेवढं एकच वाक्य आहे.

ॲन्सेल्मच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा केनी. तो जवळच्या नंदाखाल गावचा. दोघं चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या वर्गापासूनचे मित्र. माझ्या पाठीतली वायर केनीच्या कीबोर्डला जोडलेली असे. गाणं जिथे वळायचं तिथे केनीचा कीबोर्ड मला इशारा द्यायचा आणि ॲन्सेल्मचा आवाज बरोबर त्या क्षणी बदलायचा. लोक मागे वळून बघायचे. केनी हसून म्हणायचा, "आम्ही दोघं एकाच डोक्याने वाजवतो." मला त्या वाक्याचा अभिमान वाटायचा.

दोन हजार एक साली, ईस्टरपूर्वीचा उपासकाळ लागायच्या आधी, ॲन्सेल्मच्या बहिणीचं, जीनाचं लग्न ठरलं. वडील नव्हते. थोरला भाऊ परदेशात. ॲन्सेल्मने तिच्यासाठी एक धून रचली. शब्द नव्हते, फक्त गिटार. तीन महिने तो ती घासत होता. जीना मांडवात पाऊल टाकेल तेव्हा धून सुरू व्हायची, आणि ती नवऱ्यासोबत मधोमध उभी राहिली की चौथ्या कप्प्यातला मोठा सूर लागायचा.

लग्नाच्या दिवशी दुपारी मांडवात वाद्यं लावून झाली आणि ॲन्सेल्म कपडे बदलायला घरात गेला. तेव्हा केनी माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला. माझा आठवा कप्पा रिकामा होता. त्याने आवाजाचा नॉब पूर्ण खाली नेला आणि ते शून्य माझ्या आठव्या कप्प्यात साठवून टाकलं. मग उठून त्याने कीबोर्डवर काहीतरी बदललं. मला काही समजलं नाही. मला फक्त लक्षात ठेवायचं असतं.

संध्याकाळी जीना आली. ॲन्सेल्मने धून सुरू केली. माणसं गप्प झाली. जीना मधोमध पोचली, मोठा सूर आता लागणार, इतक्यात वायरीतून हुकूम आला. चार नाही, आठ.

मी हुकूम पाळला.

ॲन्सेल्मच्या बोटांखालचा आवाज नाहीसा झाला. माझा दिवा तसाच लाल जळत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी कीबोर्डमधून ती धून वाजू लागली, आधीच भरून ठेवलेली, गिटारसारख्या आवाजात, एकही सूर न चुकता. जीना भावाकडे बघून हसत होती. म्हणून ॲन्सेल्मने हात थांबवला नाही. तो शेवटपर्यंत वाजवत राहिला आणि त्यातलं काहीही कोणाला ऐकू गेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जीनाने त्याच्या गळ्यात पडून डोळे पुसले.

केनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा पेडल बिघडला रे. बरं झालं, मी धून भरून ठेवली होती."

"उपकार झाले तुझे," ॲन्सेल्म म्हणाला. आणि तो ते मनापासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला टेबलावर ठेवलं आणि वही उघडली. पहिल्या कप्प्यापासून सुरुवात केली. एक बरोबर, दोन बरोबर, सातही बरोबर. मग त्याने आठवा लावला. तार छेडली. काही नाही. पुन्हा छेडली. वहीचं पान उलटून पाहिलं. आठव्या आकड्यापुढे त्याच्या हातचं काही लिहिलेलं नव्हतं.  मग तो मला पिशवीत टाकून सायकलवरून नंदाखालला गेला.

केनी पडवीत कीबोर्ड पुसत होता. ॲन्सेल्मने मला त्याच्यासमोर ठेवलं.

"आठवा कप्पा कोणी भरला?"

केनीने नाकारलं नाही. "विरारचा एक हॉलवाला वर्षभराचं काम देतोय," तो म्हणाला. "त्याला दोनच माणसं हवीत. कीबोर्ड आणि गाणारी. मला बघायचं होतं, गिटारशिवाय भागतं का."

"जीनाच्या लग्नात बघायचं होतं?"

"दुसऱ्याच्या लग्नात तू वाजवणं थांबवलं असतंस. बहिणीच्या लग्नात तू तमाशा करणार नाहीस, हे मला ठाऊक होतं." मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "कोणाला फरक कळला का, सांग ना."

 फरक खरंच कोणाला कळला नव्हता. ॲन्सेल्म मला उचलून घरी आला. त्यानंतर त्याने बँड सोडला, आणि पुढच्या वर्षी कामणच्या एका गोदामात नोकरी धरली.

दोन वर्षांनी जीना नाताळाला माहेरी आली आणि तिने लग्नाची व्हिडिओ कॅसेट लावली. पडद्यावर ॲन्सेल्म डोळे मिटून वाजवत होता. "बघ, किती सुंदर वाजवलंस," जीना म्हणाली. "माझ्या सासरी सगळ्यांना दाखवते मी हे. तू वाजवणं का सोडलंस रे?"

 ॲन्सेल्मने खरं सांगितलं असतं, तर तिच्या लग्नातला तो सूर त्यानेच तिच्याकडून हिरावून घेतला असता.

"पेडल बिघडला," तो म्हणाला.

मित्रांनो, केनी खोटं बोलला तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. ॲन्सेल्मला तर माझी सगळी माहिती होती.

जीनाचा स्वभाव मायाळू. तिने ते मनात ठेवलं. दोन हजार सहा साली ती विघ्नेश नावाच्या माणसाला घेऊन आली. तो तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात होता, विरारला फ्लॅटमध्ये राहायचा, गिटार वाजवायचा आणि अशा वस्तू दुरुस्तही करायचा. "दुरुस्त झाला तर तू पुन्हा वाजवशील," जीना म्हणाली, "नाहीतर विघ्नेश तो घेऊन जाईल."

विघ्नेशने मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "मिडीवाला आहे. असा मी फक्त फोटोत पाहिलाय. बाहेरून तर चांगला दिसतो. एकदा लावून बघूया?" त्याने पिशवीतून वायरसुद्धा काढली.

मी इतका अधीर कधीच झालो नव्हतो. एक तार छेडली असती, तरी पुरे होतं.

ॲन्सेल्मने जीनाकडे पाहिलं. मी ठणठणीत निघालो असतो, तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता. त्याने विघ्नेशच्या हातातून मला काढून घेतलं.

"नको," तो म्हणाला. "आतून जळलाय. उगाच तुमचा वेळ जाईल."

विघ्नेशने वायर गुंडाळली. जीना आत चहा टाकायला गेली. आणि मी कपाटात गेलो तो आजपर्यंत तिथेच आहे. समुद्राची खारी हवा फटीतून आत येते. माझे दोन नॉब आता फिरत नाहीत. आतली बॅटरी पाझरून तिथला पत्रा हिरवा पडला आहे. जे वीस वर्षं खोटं होतं, ते आता हळूहळू खरं होऊ लागलं आहे.

माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात बंद पडलेली म्हणून ठेवलेली एखादी वस्तू असेल, तर तिची बॅटरी काढून ठेवा, तिला कोरड्या फडक्यात गुंडाळा. आणि ती बिघडली आहे असं ज्याने सांगितलं, त्याच्या शब्दावर जाऊ नका, मग तो तुमचा कितीही जवळचा असो. तिला एकदा लावून पाहा. त्यानंतर खुशाल वाईट म्हणा.