एकट्यापुरती सवलत

बायकोचा आवाज गेला, हे त्याला सासूबाईंसमोरच कळलं. वारलेल्या लेकीचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं म्हणून त्या दुकानात आल्या होत्या. रेकॉर्डिंगमध्ये बायको लहानपणची आठवण सांगत होती. "आई भिंतीला टेकून बसली आणि" एवढं झालं, आणि पुढे कुणी अनोळखी गृहस्थ व्याख्यान देऊ लागले. मशीन बिघडलंय, नीट करून ऐकवतो, असं म्हणून त्याने वेळ मारून नेली.

दुकान त्याचं आणि मेहुण्याचं. जुन्या टेपवरचे आवाज कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचे. प्रोग्राम त्याने लिहिलेला. रिकामी जागा बघून आवाज तिथे ठेवायचा, आणि दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी दोन कामं, एकाच जागेवर तुटून पडू नयेत म्हणून दर वेळी लॉक लावायचं, काढायचं. पण थ्रेड तर एकच चालायचा. मेहुणा वैतागायचा. "भावोजी, घरात माणूस एकटा, मग न्हाणीघराला आतून कडी कशाला?" बायको खळखळून हसली होती. मग त्याने एक सेटिंग केलं, लॉक वगळायचं. काम झपाट्याने होऊ लागलं. अट एवढीच, की जास्त थ्रेड लावायचे तर आधी ते सेटिंग बदलायचं. मेहुण्याने मान डोलावली होती.

सासूबाई गेल्यावर त्याने मेहुण्याला गाठलं. थोडी उडवाउडवी झाली, मग सगळं बाहेर आलं. बायको वारल्यावर तो घरी पडून होता, तेव्हा मेहुण्याने सगळे आवाज नव्या डिस्कवर हलवले. घाईत चार थ्रेड लावले, सेटिंगला हात लावला नाही. दोन थ्रेडना एकच जागा रिकामी दिसली, एकाचं दुसऱ्यावर लिहिलं गेलं. जुनी डिस्क पुसून झाली होती. गिऱ्हाइकांच्या टेप होत्या, त्या मेहुण्याने गुपचूप पुन्हा उतरवल्या. बायको मात्र थेट माइकवर बोलली होती, तिची टेप नव्हतीच.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"ताई माझीही होती, भावोजी. तुम्ही आधीच खचलेले. कुठल्या तोंडाने सांगू?"

"धीर झाला की ऐकेन, असं मी म्हणायचो. तू काय म्हणायचास?"

घाई काय आहे, सावकाश ऐका, असं मेहुणा म्हणायचा. चहाचा कप हातात देत म्हणायचा.

चूक त्याने पोटात घातली असती. हा चहा घशाखाली उतरेना.

त्याने सेटिंग बदलून लॉक चालू केलं. मेहुणा दाराशी घुटमळला आणि निघून गेला.

सासूबाईंना सांगायचं राहिलं आहे. दोघांपैकी कुणी सांगायचं, हेही ठरलेलं नाही.