चादरीखालची ठिणगी

जुळे सोलापुरातल्या उत्कर्षाची शाळेची व्हॅन सकाळी आजारी पडायची आणि दुपारी ठणठणीत व्हायची. आता अशा गाडीला काय म्हणावं? सकाळी मुलं बसली की इंजिन अडखळायचं, गचके द्यायचं, भर चौकात बंद पडायचं. दुपारी संगमेश मिस्त्रीच्या गॅरेजात नेली, की बाईसाहेब गुमान चालायच्या. संगमेशनं प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला आणि शेवटी हात टेकले. इकडं पालकांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, आता एकदा जरी बंद पडली, तर मुलं रिक्षानं जातील. उत्कर्षाचं आणि तिच्या आईचं पोट त्या व्हॅनवरच होतं.

"अण्णा, सकाळीच या आमच्या दारात," उत्कर्षा वैतागून म्हणाली. "तिचं सोंग डोळ्यांनी बघा."

दुसऱ्या दिवशी संगमेश चहाच्या वेळेलाच हजर झाला. गाडी सुरू केली, तर खरंच लंगडत होती. तीन सिलिंडरांतला एक कामच करत नव्हता. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यानं सीट उचलली.

"ठिणगी कुटंतरी गळतीय," तो म्हणाला. "पण उजेडात दिसायची न्हाय. ताई, एखादी जाड चादर द्या की."

सोलापुरात चादरीला काय तोटा! उत्कर्षानं पलंगावरची ओढून आणली. दोघांनी इंजिन झाकून ती डोक्यावर घेतली.

"नुसतं बघायचं. हात लावायचा न्हाय."

अंधाराला डोळे सरावले आणि उत्कर्षाला दिसलं. प्लगकडे जाणाऱ्या काळ्या वायरीवर निळा उजेड नाचत होता, केसाएवढा बारीक, तडतडणारा. वायरीवर कसला तरी ओला पट्टा होता आणि त्यावरून सरपटत ती ठिणगी लोखंडात उतरत होती. रोज आपण ह्याच्यावर बसून गाडी हाकतो, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. तरीही इतकं सुंदर काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

संगमेशनं चादर काढली, इंजिन बंद केलं आणि वाकून पाहिलं. "हे हळदकुंकू हाय. दुपारी वाळलेलं दिसायचं, मला वाटलं खंडेनवमीचं ऱ्हायलंय. पण हे ओलं हाय अजून."

दारातून केसरबाई, उत्कर्षाची आई, हळूच बोलल्या. "मीच लावते. रोज, ही आंगुळीला गेली की, शीट उचलून. सांगितलं तर हसंल म्हनून गप बसले. खंडेनवमीला तुमीच म्हनला व्हता की, ह्या वायरींत गाडीचा जीव हाय. मग जिवालाच लावावं की. लेक एवढी पोरं घेऊन रस्त्याला जाते."

संगमेशला हसावं की रडावं कळेना. "मावशी, वायरीचं रबर जुनं झालंय, भेगा पडल्यात. ओल आत शिरते आन् ठिणगी वाट सोडते. दुपारी वाळलं की गाडी बरी. आता पुसलं तरी भागतंय, वायरी दुपारी बदलू."

"म्हंजे माज्यामुळंच अडत व्हती व्हय?" केसरबाईंचा चेहरा पडला. पदराचं टोक धरून त्या पुसायला वाकल्या.

उत्कर्षानं त्यांचा हात धरला. कोपऱ्यावर मुलं वाट बघत असणार, तिला ठाऊक होतं.

"पुसू गं. पण तू बघितलंच न्हाईस की अजून. अण्णा, चालू करा."

तिनं चादर आईच्या आणि स्वतःच्या डोक्यावर ओढली. अंधारात, त्यांनी बोटानं ओढलेल्या ओल्या पट्ट्यावर निळा उजेड पुन्हा तडतडला. केसरबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांचे हात आपोआप जुळले.

"माजं बोट हाय की गं त्ये," त्या म्हणाल्या.