उना नदीच्या पाणीमापकाचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना पाणीमापक आहे. बॉस्नियातल्या उना नदीवर, दगडी पुलाच्या पोटाशी मला खिळवले आहे. दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची मोजायची आणि गावातल्या पूर-कचेरीला कळवायची, एवढेच माझे काम.

मला सेनादाबाईंनी घडवले. माझ्यात एकच छोटी बॅटरी. ती पाच वर्षे पुरवायची होती. पण नुसता आकडा पाठवला, तर माझ्या नावाने कुणीही खोटा आकडा धाडू शकतो. खोटे निरोप अडवणारी मोठ्या यंत्रांची कुलपे मला लावून पाहिली, तेव्हा बॅटरी एका हिवाळ्यात संपली. कचेरीतले साहेब म्हणाले, "सेनादा, नदीचा खोटा आकडा पाठवून कुणाला काय मिळणार? सोड ना नाद."

बाईंनी नाद सोडला नाही. वर्षभर खपून त्यांनी मला झेपेल अशी रीत शिकवली. आकडा, वेळ आणि फक्त मला व कचेरीला ठाऊक असलेला गुप्त शब्द एकत्र घुसळायचे. त्यातून छोटासा ठसा निघतो. तो आकड्यामागे जोडायचा. एक अंक बदलला, तरी ठसा पार बदलतो. कचेरीही तसाच ठसा काढते आणि दोन्ही जुळतात का ते पाहते.

मे महिन्यातल्या एका सकाळी वर डोंगरात ढग फुटले. गावात मात्र लख्ख ऊन होते. पाणी भराभर चढू लागले, तसे मी कळवले. त्याच वेळी कचेरीत माझ्या नावाने दुसरा निरोप पोचला: पाणी नेहमीइतकेच.

काठावर हसीबच्या रबरी होड्यांत बसायला शाळेची बावीस मुले तयार होती. कचेरीतला रिफेत धावत आला आणि त्याने होड्या अडवल्या.

"अरे, ढगाचा ठिपका तरी दिसतोय का?" हसीब म्हणाला. "तुझ्या यंत्राने सकाळीच राकिया ढोसलीय वाटतं."

"ढोसली असेल. पण चढत्या आकड्याचा ठसा जुळतोय, दुसऱ्याचा जुळत नाही. पोरांना वर घे."

मुले हिरमुसून बुरेक खात बसली. तासाभरात गढूळ लोंढा आला आणि दोन रिकाम्या होड्या तोडून घेऊन गेला.

दोन दिवस माझे कौतुक झाले. मग सारे विसरले. महिन्याभराने बाई मला तपासायला आल्या, तेव्हा हसीब पुलाखाली येऊन उभा राहिला.

"तो खोटा निरोप मीच पाठवायला लावला होता, बाई. पाणी चढल्याचं कळलं की होड्या बंद, हंगाम वाया चालला होता. वाटलं, एका दिवसानं काय होतंय."

बाईंनी शिडी पुलाला टेकवली. मग म्हणाल्या, "रिफेतला जाऊन सांग. त्याआधी ही शिडी धर."

तो गेला आणि त्याने सांगितले. त्यानंतर दर वर्षी शिडी तोच धरतो.

आता माझ्यावर शेवाळ चढले आहे. लवकरच नवा मापक येईल. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, मला उतरवाल तेव्हा एवढेच करा. भंगारात टाकण्याआधी माझ्यातला गुप्त शब्द पुसून टाका. मी गप्प झाल्यावर माझ्या आवाजात कुणी खोटे बोलू नये.