दहा अँपियर

बैरूतमध्ये जे पैसे भरूनही मिळत नाही, त्याचे पुन्हा पैसे भरावे लागतात, हे तन्नूसला पहिल्याच महिन्यात कळलं. नळाला पाणी नाही, पण नळाचं बिल येतं. म्हणून टँकर मागवायचा, त्याचे वेगळे. टँकरचं पाणी इतकं खारट की चूळ भरली तरी जीभ आक्रसावी, म्हणून प्यायला जार, त्याचे वेगळे. एका तहानेला तीन बिलं! सरकारी वीज दिवसातून चार तास, तीही पाव्हण्यासारखी, कधी येईल नि कधी उठून जाईल सांगता येत नाही. म्हणून मग गल्लीतला जनरेटर. आणि जनरेटरचं बिल म्हणजे या सगळ्या बिलांचा बाप.

पहिल्या महिन्यात एकशे अठरा डॉलर. दुसऱ्यात एकशे सव्वीस.

वर त्या जनरेटरची काजळी फुकट. दोरीवर पांढरी बनियन वाळत घातली की संध्याकाळी राखाडी होऊन आत यायची. नाक शिंकरलं की रुमाल काळा. तन्नूस रुमालाकडे बघायचा नि म्हणायचा, "हे बरंय. डिझेलचे पैसे मी देतो आणि डिझेलही मीच ओढतो."

तन्नूस शेहेचाळीस वर्षांचा. देर अल-अहमरचा, म्हणजे तिकडे डोंगरापलीकडचा गावगडी. सोफे शिवायच्या दुकानात त्याला काम मिळालं म्हणून एकटाच पुढे आला होता. बायको नुहाद आणि पोरगी गावी. नुहादनं निघतानाच सांगितलं होतं, "तीन महिने बघ. तिसऱ्या महिन्याच्या एकट्या पगारातून दोनशे डॉलर शिल्लक दाखवलेस तर मी पोरीला घेऊन येते. नाही दाखवलेस तर गुमान परत यायचं आणि सलीबाच्या पोल्ट्रीवर लागायचं."

सलीबा म्हणजे तिचा भाऊ. त्याच्या पोल्ट्रीवर तन्नूसनं एकदा आठ दिवस काढले होते. सात वेळा साबण लावला तरी अंगाचा तो वास जाईना. शेवटी नुहादनंच त्याचं अंथरूण गच्चीवर टाकलं. आता सलीबा दर रविवारी फोन करायचा, काही बोलायचा नाही, फोन खुराड्यात धरायचा. आतून दोन हजार कोंबड्या कलकलायच्या.

"ऐकलंस का दाजी?" मग तो म्हणायचा. "तुझी आठवण काढतायत."

पहिल्या महिन्याला शिल्लक राहिले एक्काहत्तर. दुसऱ्या महिन्यात त्यानं मटण सोडलं, सिगारेट सोडली, दुकानात चालत जायला लागला, तेव्हा कुठं एकशे नऊ. आता सोडण्यासारखं एक श्वास घेणं तेवढं उरलं होतं.

या सगळ्यात माया करणारी एकच बाई, समोरच्या दारातली मादाम ओडेट. वय सत्तरीच्या आसपास, केस जांभळट रंगवलेले, गळ्यात सोन्याचा क्रूस. रोज सकाळी तिच्याकडे गल्लीतल्या तीन-चार बायका कॉफीला जमायच्या. तन्नूस कामाला निघाला की ती दार उघडून त्याच्या हातात कप द्यायची.

"किती आलं रे बिल?"

"एकशे सव्वीस."

"यी! यी! देव बघतोय बरं! त्या जनरेटरवाल्या अबू मीलादला नरकातसुद्धा जागा मिळायची नाही. गरिबाला असं लुटायचं? पी बाळा, गरम आहे तोवर. तूच पुरावंस रे मला."

आपल्यापेक्षा प्रिय माणूस आपल्या आधी जाऊ नये, म्हणून तिकडे लाडानं असंच म्हणतात, 'तूच मला पुरावंस', म्हणजे माझी माती तुझ्या हातून होवो. ओडेटबाई तर दिवसातून चाळीस वेळा म्हणायच्या.

"तुमचं किती येतं मादाम?"

"माझं काय रे, वीस. मी एकटी विधवा, एक दिवा, झालं."

तिच्या दारातून असा गारवा यायचा की तन्नूसच्या मानेवरचा घाम जागच्या जागी सुकायचा. आत विजेच्या शेगडीवर कॉफीची किटली, कोपऱ्यात माणूस झोपेल एवढं डीप फ्रीझर. पण तोंडात तिची कॉफी असताना हिशेब कोण करतो? शिवाय पहिल्या दिवशी ओडेटबाईंनीच मायेनं सल्ला दिला होता. "पाच अँपियरचं कनेक्शन घेऊ नकोस हां. दहाचं घे. उद्या तुझं कुटुंब येईल." आणि तन्नूसनं दहाचं घेतलं होतं. बाईला आपल्या बायकापोरीची काळजी आहे, असं वाटून त्याला भरून आलं होतं.

तिसऱ्या महिन्याच्या पाच तारखेला त्याचं डोकं फिरलं. त्यानं घरातले सगळे दिवे बंद केले, फ्रिजची पिन काढली, मोबाइलचा चार्जर काढला आणि तीन मजले उतरून जिन्याखाली गेला. तिथं भिंतीवर लोखंडी पेटी, आत सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर आणि खटके ओळीनं. त्याच्या मीटरचे आकडे धावत होते. घरात मुंगीसुद्धा जागी नसताना!

तो तसाच शेजारच्या दारातून अबू मीलादच्या ऑफिसात घुसला. गल्लीच्या जनरेटरचा मालक अबू मीलाद, ज्याला सगळे 'रईस' म्हणजे साहेब म्हणायचे, याच इमारतीच्या तळमजल्यावर बसायचा. ऑफिस म्हणजे बर्फखाना. हा टेबलावर भाजलेली कोंबडी घेऊन बसलेला, बोटं लसणीच्या चटणीत बुडवून चाटत होता. कोंबडी बघूनच तन्नूसला पोल्ट्रीचा वास आला.

"रईस, तुमचा मीटर खोटा आहे. माझ्या घरात सगळं बंद आहे आणि तो पळतोय."

"मीटर खोटं बोलत नाही भावा. माणूस बोलतो." अबू मीलादनं हाड तोंडातून काढलं, न्याहाळलं आणि पुन्हा आत घातलं. "गावाकडनं नवीन आलेला माणूस वीज जास्त खातो. सवय नसते ना. दिवा दिसला की लावत सुटतो."

"मी मेणबत्तीवर राहतोय!"

"मग मेणबत्तीचे पैसे मी मागितलेत का?" आणि त्यानं मागच्या बिलाची पावती पुढं सरकवली. पावतीवर लसणीच्या बोटाचा पिवळा डाग. तन्नूसनं ती खिशात घातली तर पँटला दोन दिवस वास.

तो पायरीवर बसून विचार करायला लागला. मीटर खरा असेल तर कुणीतरी खातंय. आता चोर शोधत हिंडलं तर चोरही बरोबर कंदील घेऊन हिंडतो. त्यापेक्षा त्याच्यापुढचं ताट ओढावं. ज्याचं ताट जातं तो गप्प बसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानाला दांडी मारली. सकाळी दहाला, ऊन तापलेलं, सरकारी वीज गेलेली, वर ओडेटबाईंकडे कॉफीचा अड्डा रंगात. तन्नूस खाली पेटीपाशी गेला आणि त्यानं खटका पाडला. कुणाचा? स्वतःचाच.

वर एकदम सामसूम. मग तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत जांभळं डोकं आलं आणि अख्खी गल्ली दणाणली.

"यी! तन्नूस! ए तन्नूस! बिल भरलं नाहीस का रे मेल्या?"

रस्त्यावरचा भाजीवाला हसला. तन्नूस मात्र हसला नाही. तो जिना चढून वर गेला आणि तिच्या उघड्या दारात उभा राहिला. आत चार बायका वर्तमानपत्रानं वारा घेत होत्या.

"मादाम, मी बिल भरलं नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? वीज गेली ना!"

"कुणाच्या घरातली?"

वारा घेणारे हात थांबले. एका बाईनं घाईघाईनं आपला रिकामा कप बशीत उपडा घातला आणि कॉफीच्या गाळात स्वतःचं भविष्य बघायला लागली.

ओडेटबाईंनी एक क्षण त्याच्याकडे बघितलं. लाजेचा मागमूस नाही. मग तिनं खुर्ची पुढं ओढली. "बस. असा तापून आलायस. कॉफी घे."

"कशावर करणार? खटका खाली पडलाय."

"हे बघ बाळा, मी विधवा बाई. तू एकटा, तुझं काय जळतं? तुझ्या आधीचा भाडेकरू कधी एका शब्दानं बोलला नाही, इतका सज्जन. दोनच महिने राहिला बिचारा."

"आणि त्याच्या आधीचा?"

"तोही सज्जनच होता."

तन्नूसला दहाच्या सल्ल्याचा अर्थही आता कळला, पाचावर बाईंचा एसी आणि फ्रीझर चाललाच नसता. त्याच्या डोळ्यांपुढं साठ सकाळी आल्या. साठ कप कॉफी. त्याच्याच विजेवर उकळलेली, त्याच्याच हातात उपकार म्हणून ठेवलेली, वर 'यी, यी, देव बघतोय'! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते ऐकलं होतं, पण इथं खुद्द हलवायालाच बोलावून, त्याच्याच दुकानातला पेढा त्याला भरवून, वर आशीर्वाद!  तो जिन्यात जाऊन ओकला.

पुन्हा अबू मीलाद. आज तो दात कोरत होता.

"हां, ती वायर होय?" तो म्हणाला. "जुनी आहे. म्हातारी मला वेगळे वीस देते त्याचे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"भावा, गल्लीत कुणाच्या घरात झुरळ मेलं तरी मला कळतं." त्यानं काडी बाहेर काढली, टोक बघितलं. "तू हुशार निघालास. मला हुशार माणसं आवडतात. वर चौथ्या मजल्यावर नवी पोरगी येतेय, झहले शहरातली, नर्स आहे. वायर तिच्या लाइनवर टाकू. तू सुटलास. म्हातारी खूश, मी खूश."

"आणि ती पोरगी?"

"नवीन आहे. शिकेल. तू नाही शिकलास?"

तन्नूस दात दाखवून हसला. "माणूस नका पाठवू रईस. माझ्याकडे अवजारं आहेत. मीच बदलतो."

"बघ! आता झालास बैरूतचा," अबू मीलाद म्हणाला आणि त्याच हातानं त्याची पाठ थोपटली.

पेटी उघडून तन्नूस वायर हातात घेऊन उभा राहिला. आता खोटं कशाला बोला, चौथ्या मजल्याच्या स्क्रूपर्यंत त्याचा हात गेला होता. दोनशे डॉलर. नुहाद. पोरगी. आणि नाही केलं तर? वायर नुसती तोडली तर अबू मीलाद दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच लाइनला जोडणार. कानात कोंबड्या कलकलायला लागल्या.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. एक पोरगी, विशीतली, खांद्यावर गादीची वळकटी, घामानं निथळलेली.

"काका, तुम्ही इथंच राहता ना? एक विचारू? जनरेटरचं बिल साधारण किती येतं हो इथं?"

 तन्नूसच्या ओठांवर आलेलं वाक्य ओडेटबाईंच्या आवाजातलं होतं, 'यी, पोरी, तू दहाचंच घे.' त्याला स्वतःचीच किळस आली. इतकी, की हातातली वायर त्याला कुणाच्या तरी तोंडातून काढलेली वाटली.

"पाचचं कनेक्शन घे पोरी," तो म्हणाला. "दहाचं घे म्हणून कुणी सांगितलं तर त्याच्या घरची कॉफी पिऊ नकोस."

पोरगी गोंधळून वर गेली. तन्नूसनं पेटीत पुन्हा नजर फिरवली आणि अगदी खाली, कोपऱ्यात, एक जाडजूड लाइन त्याला दिसली. तिला मीटरच नव्हता. ती अबू मीलादच्या ऑफिसची. राजाचं जेवण कोण मोजतो?

दहा मिनिटांत ओडेटबाईंची वायर त्या लाइनला जोडून झाली. मग वर जाऊन त्यानं ओडेटबाईंचं दार ठोठावलं.

"मादाम, तुमची वायर दुसरीकडे जोडली. आता कशाचीही काळजी करू नका. रात्रंदिवस चालू द्या. वाटलं तर आणखी एक एसी घ्या."

"खरं की काय? तूच पुरावंस रे मला!"

"खड्डा तयारच समजा मादाम," तन्नूस गोड हसून म्हणाला.

बाईंनी सल्ला मानला. आठवड्यात बेडरूमला दुसरा एसी आला. फ्रीझरमध्ये त्या बर्फ करायला लागल्या आणि खालच्या मासळीवाल्याला विकायला लागल्या. जनरेटर आता म्हशीसारखा हंबरायचा, अबू मीलादच्या ऑफिसातला दिवा अधूनमधून डोळे मिटायचा, आणि तो वायरमनला शिव्या घालायचा. तन्नूस पायरीवर बसून त्या शिव्या ऐकायचा. त्या महिन्यातली फुकटची करमणूक तेवढीच.

महिनाअखेर बिल आलं, एकतीस डॉलर. पण त्याला एक चिठ्ठी टाचलेली होती. डिझेलचा खप अचानक वाढल्यामुळे गल्लीतल्या सर्व ग्राहकांचा युनिटचा दर वाढवण्यात येत आहे.

तन्नूसनं चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणजे ओडेटबाईंचा दुसरा एसी आता भाजीवाला, नर्स आणि तो, सगळे मिळून चालवणार. मांजरीला दूध पाजलं, आणि तिनं बोका आणला! तो एकटाच खो खो हसला आणि बिलाचे पैसे मोजायला बसला.

त्या महिन्याचं सगळं देऊन हातात दोनशे चार उरले. शब्द दिल्याप्रमाणे नुहाद आली. दोन बॅगा, पोरगी आणि दहीदुधाचे डबे. सलीबानं निरोप धाडला होता, कोंबड्या रडतायत म्हणून.

सामान वर चढवेपर्यंत ओडेटबाईंनी दार उघडलं. त्यांनी नुहादला मिठी मारली, पोरीचे गाल ओढले आणि सगळ्यांना आत नेऊन गारव्यात बसवलं.

"किती प्रेमळ बाई आहे रे," नुहाद कानात पुटपुटली. "आल्या आल्या कॉफी. तू का नाही घेत?"

तन्नूसनं आपला कप तिच्यापुढं सरकवला.

"माझाही पी," तो म्हणाला. "पैसे भरलेत आपण."