अडतीस अंश

स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ उघडून डोरीनने थर्मामीटर धारेखाली धरला आणि मनात साठपर्यंत आकडे मोजले. चोवीस अंश. तिने वहीत लिहिलं. काल एकतीस होतं, परवा बावीस. भिंतीवरचा बॉयलर एकदा फुरफुरत पेटला, विझला आणि गप्प झाला. खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर मात्र हात लावू देत नव्हते, इतके तापलेले.

इंग्लंडमधल्या बॅरो गावातल्या त्या गल्लीत सगळ्यांकडे असलेच बॉयलर होते. टाकी नाही, साठवण नाही; नळ उघडला की पेटायचे आणि पाणी तापवून द्यायचे. शेजारीपाजारी ते बिनतक्रार चालत. डोरीनच्याच घरी तो का अडून बसला होता, कुणाला कळत नव्हतं.

क्लिफने सतरा दिवस अंघोळ केली नव्हती. तिचा नवरा ऐंशीचा होता. जन्मभर गोदीत जहाजांची टर्बाइनं बसवली, आणि गेली चार वर्षं त्याची आठवण थोडी थोडी करून निघून चालली होती. सतरा दिवसांपूर्वी पाठीवर कोमट पाण्याची धार चालू असताना ती मध्येच बर्फगार झाली. तो ओरडला, टबाची कड धरून थरथरत उभा राहिला, आणि तेव्हापासून न्हाणीघराच्या दारातूनच मागे फिरू लागला. ओल्या फडक्यानेही अंग पुसू देईना.

उद्या दहा वाजता कौन्सिलच्या, म्हणजे गावच्या पालिकेच्या, मिसेस हॉजसन पाहणीला येणार होत्या. मागच्या वेळी त्या गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "तुम्हाला घरी जमत नसेल तर त्यात कमीपणा काही नाही हो. वॉल्नी बेटावरच्या वृद्धाश्रमात एक खाट आहे. शुक्रवारी बघू आपण, अंघोळ होतेय का ते." 

दुपारी बॉयलर दुरुस्त करणारा गॅरथ आला. ही त्याची तिसरी खेप. पहिल्यांदा त्याने पाणी रेडिएटरकडे जावं की नळाकडे हे ठरवणारा व्हॉल्व्ह बदलला होता, दुसऱ्यांदा ज्या पत्र्यांच्या गठ्ठ्यातून नळाचं पाणी तापत जातं तो गठ्ठाच बदलला होता.

"येऊ का, मिस? बूट काढलेत."

"पंचावन्नचा झालास, अजून मिस काय म्हणतोस?"

"तोंडात तेच बसलंय. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही नुसतं बघितलंत तरी हातातलं काचेचं भांडं सुटायचं."

"चार फोडलीस."

"तीन. चौथं दुसऱ्याचं माझ्या नावावर घातलंत."

बाहेरच्या खोलीतून क्लिफचा आवाज आला. "डॉर, कोण आलंय?"

"गॅरथ. बॉयलरवाला."

"त्याला म्हणावं, आधी दाब बघ."

"बघतो, मिस्टर बेनसन!" गॅरथ मोठ्याने म्हणाला आणि खरंच काट्याकडे बघितलं. दाब ठीक होता. मग त्याने डोरीनची वही हातात घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं. "याला काही सूर ना ताल. बॉयलर बिघडला तर असा लहरीपणा करत नाही, मिस. एक तर जातो, नाहीतर चालतो. तुमच्याकडे शॉवर नाही ना?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. नाही. नुसता टब आहे."

"मग एक शेवटचं बघतो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सुटे भाग बदलायची घाई केली." त्याने खाली वाकून बॉयलरच्या थंड पाण्याची चावी बंद केली. "आता आत थेंबही जायचा नाही. सोडा गरम नळ."

डोरीनने नळ सोडला. आतलं उरलंसुरलं पाणी निथळून धार बंद पडायला हवी होती. ती पडली नाही. दोघं बघत उभे राहिले. मिनिट झालं, धार तशीच, जाड आणि थंडगार.

"हे पाणी बॉयलरमधून येतच नाहीये," गॅरथ म्हणाला. "घरात कुठेतरी थंड पाणी गरम नळीत शिरतंय."

डोरीनच्या ते त्याच्याआधी लक्षात आलं होतं. नळ बंद करायचंही तिला सुचलं नाही. "वर चल," ती म्हणाली.

टबाच्या एका कोपऱ्यात गरम नळ, दुसऱ्या कोपऱ्यात थंड; घर बांधलं तेव्हापासूनचे. दोन्हींवर एकाच दुतोंडी रबरी नळीची तोंडं घट्ट बसवलेली, आणि नळीच्या शेवटी बागेत पाणी मारायचा, दाबला तरच धार सोडणारा चाप. तो क्लिफनेच बसवला होता, कुत्र्याला धुवायला. कुत्रा गेला, नळी राहिली. दोन्ही नळांवर नखांना लावायच्या लाल रंगाची एकेक रेघ होती, आणि दोन्ही नळ त्या रेघेपर्यंत उघडे होते. बंद होता तो फक्त चाप.

"असं कधीपासून?"

"नोव्हेंबर. पाणी नेमकं अडतीसवर यायला मला आठवडा लागला. एका अंशाने चुकलं तरी तो बिथरायचा. म्हणून जमलेलं मोडायचं नाही, नुसता चाप सोडायचा." ती थांबली. "दुसऱ्या दिवशी दाबला की तेच पाणी. मला फार बरं वाटलं होतं."

गॅरथ टबाच्या कडेवर बसला. "थंड पाणी इकडून नळीत चढतं. चाप बंद, बाहेर पडायला वाट नाही. मग खाली कुणी गरम नळ सोडला की ते ह्या गरम नळातून उलटं खाली धावतं. बॉयलरची वाट अरुंद, ही मोकळी. बॉयलरला वाटतं, कुणी पाणी मागितलंच नाही. आणि अंघोळीला धार अशी बारीक ठेवलीत की मध्येच विझतो."

"म्हणजे रोज दोन्ही नळ बंद केले असते तर..."

"हो."

"आणि धार मोठी ठेवली असती तर त्या दिवशी..."

गॅरथने वाकून दोन्ही नळ बंद केले. तो म्हणाला, "मीच नीट विचारलं नाही."

"विचारलंस. शॉवर आहे का विचारलंस. मी नाही म्हणाले."

"ह्याला कुणीच शॉवर म्हणत नाही, मिस. माझी आईसुद्धा म्हणाली नसती."

तिने वही उघडली. तारीख, वेळ, अंश. नळी लावलेली होती की काढलेली, हा रकाना तिने आखलाच नव्हता. चाळीस वर्षं मुलांना ती हेच सांगत आली होती, की जे बदललं नाहीस तेही लिही.

गॅरथ गेला तेव्हा नळी काढून ठेवलेली होती आणि स्वयंपाकघरात पाण्याला वाफ येत होती. अठ्ठेचाळीस अंश. तिने टब भरला, हाताने ढवळला, थर्मामीटर बुडवला. अडतीस. टॉवेल रेडिएटरवर टाकला आणि क्लिफला हाताला धरून वर आणलं.

तो दाराशी थांबला. चौकट धरली.

"पाणी दुरुस्त झालं, क्लिफ. बोट तरी घाल."

"थंड आहे."

"हे बघ, वाफ."

"थंड आहे, डॉर." ओरडून नाही, चुकलेल्या पोराला समजावतात तसं.

तिने स्वतःचा हात कोपरापर्यंत बुडवून दाखवला, ओला ऊबदार हात त्याच्या गालाला लावला. त्याने चेहरा मागे घेतला. ती टबाच्या कडेवर बसून राहिली. पाणी सदतीसवर आलं, तिने गरम सोडलं. पुन्हा उतरलं, पुन्हा सोडलं. आता हवं तितकं गरम पाणी होतं. क्लिफ चौकटीतच उभा होता, पाय दुखेपर्यंत; मग स्वतःच जिना उतरून गेला. सकाळी पोपटी साबण, गाणं, लाडीगोडी, सगळं करून झालं. चौकटीपुढे तो आला नाही.

मिसेस हॉजसन बरोबर दहाला आल्या. "पाण्याचं झालं का?"

डोरीनने स्वयंपाकघरातला गरम नळ पूर्ण सोडला. खिडकीची काच वाफेने भरली.

"छान गरम आहे की," बाई म्हणाल्या. पण त्या पाण्याकडे बघत नव्हत्या. क्लिफच्या कॉलरकडे बघत होत्या, नखांकडे बघत होत्या. "मग अंघोळ?"

क्लिफ पाण्याचा आवाज ऐकून उठून आला होता. "दाब चांगला आहे," तो म्हणाला.

डोरीनने थंड नळ थोडा सोडला, वाडग्यात पाणी सारखं केलं आणि त्याचा उजवा हात हळूच आत ठेवला. त्याने तो काढला नाही. तिने बोटं धुतली, एकेक. नखांच्या कडा, तळवा, अंगठ्याजवळचा गोदीतल्या भाजण्याचा जुना डाग. मग बाही वर सारायला घेतली तसा त्याने हात मागे घेतला.

"इथपर्यंत," तो म्हणाला.

मिसेस हॉजसननी कागद काढला, पेनचं टोपण उघडलं आणि थांबल्या. "मी काय लिहू, डोरीन?"

डोरीनने त्याचा हात टॉवेलमध्ये धरून ठेवला होता. तिला खोटं लिहवून घेता आलं नाही. "मनगटापर्यंत," ती म्हणाली.