न पाहिलेली जमीन

जमिनींची प्रत ठरवणं हे शशिधरचं काम. राजारामपुरीतल्या ऑफिसात पंख्याखाली बसून त्यानं शिरोळकडच्या चाळीस गटांची प्रतवारी एका दुपारात उरकली. पन्नास वर्षांपूर्वीच्या माती सर्वेक्षणाचा नकाशा समोर होता. तेव्हाची माणसं उन्हातान्हात खड्डे खणून गेली होती, मग आपण पुन्हा कशाला पाय भाजून घ्यायचे? त्यातल्या गंगव्वा नावाच्या एका म्हातारीच्या गटावर नकाशात 'क्षारपड', म्हणजे मीठ फुटलेली जमीन, असं लिहिलं होतं. यानं चौथी, म्हणजे सगळ्यात हलकी प्रत ठोकली आणि 'प्रत्यक्ष पाहणी केली' या छापील ओळीखाली तारखेसह सही केली. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. पण आळशाच्या सहीलाही जोर असतोच. चौथ्या प्रतीची जमीन सरकारी मालगोदामासाठी आधी घ्यायची, असं ठरलं होतं.

गंगव्वानं हरकत घेतली, तेव्हा त्याला फेरपाहणीला जावंच लागलं.

सत्तरीची बाई, कपाळाला विभूती. त्याला पाहून तीच ओशाळली. "पावणं, त्या दिवशी आलासा तवा आमी घरात न्हवतो जणू. कागद बघून पोरगं म्हणालं, सायेब येऊन गेलं. दारात आलेला माणूस चहाबिगर गेला, लई वंगाळ वाटलं बगा."

शशिधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायची हीच वेळ होती, ती त्यानं घालवली. वर चहाही प्याला.

मग तिच्या मुलानं, शिवशरणनं, रानात खड्डा खणून दिला. आत काळीभोर, भुसभुशीत माती. शशिधरनं मीटरनं क्षार मोजले, तर ते नावालाही नव्हते.

"व्हतं की मीठ," शिवशरण म्हणाला. "अप्पाच्या वक्ताला गवत बी उगवत न्हवतं. मग जमिनीखालनं भोकाच्या पाइपा घातल्या, खारं पाणी वढ्याला काढलं. अकरा वर्सं लागली."

म्हणजे नकाशा खोटा नव्हता. नंतर त्या मातीत माणसं राबली, ते नकाशाला ठाऊक नव्हतं इतकंच.

"तवा बी हितंच खड्डा काढलासा काय?" गंगव्वानं सहज विचारलं.

शशिधरची मान वर होईना. "मावशी, मी आलोच नव्हतो. जुन्या नकाशावरनं लिहिलं."

"आन सही?"

"माझीच."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "लिवा मग," ती म्हणाली. "आत्ता. माज्या म्होरं."

बांधावर बसून त्यानं लिहिलं. पहिली प्रत. त्याखाली, 'आधीची प्रतवारी जमीन न पाहता दिली होती.' शिवशरण कागद घ्यायला पुढं झाला, तशी म्हातारीनं त्याला अडवलं.

"मला वाचाया येत न्हाय. त्येंनाच वाचू दे."

एव्हाना शेजारपाजारचे शेतकरी आपापल्या बांधावर येऊन उभे राहिले होते. शशिधर वाचू लागला. 'जमीन न पाहता' म्हणताना त्याचा आवाज खाली गेला.

"जरा मोठ्यानं, पावणं," गंगव्वा म्हणाली. "पल्याडच्यांस्नी ऐकू येत न्हाय. त्येंच्या गटावर बी तुमचीच सही हाय."